मदत हवी आहे: फेलओव्हरनंतर नोड २ वरून रात्रीचा बॅकअप शेअरवर जातच नाहीये

मंडळी, एसक्यूएल सर्व्हर २०१९ चा दोन नोडचा ऑलवेज ऑन ग्रुप आहे (तोच डेटाबेस दोन सर्व्हरवर: एक चालू, म्हणजे प्रायमरी, दुसरा त्याची प्रत, म्हणजे सेकंडरी). शनिवारी पॅचिंगसाठी प्रायमरी नोड २ वर नेला (तोच फेलओव्हर) आणि त्या रात्रीपासून बॅकअपचा जॉब फेल, 'ऑपरेटिंग सिस्टीम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाइड'. फाइल सर्व्हरच्या शेअरवर बॅकअप जातो, नोड १ वरून बिनबोभाट जायचा. एजंट (जॉब चालवणारी सर्व्हिस) दोन्हीकडे एकाच डोमेन अकाउंटवर चालतो, त्याला शेअरवर फुल कंट्रोल आहे आणि त्याच अकाउंटने नोड २ वर लॉगिन करून मी शेअरवर फाइल बनवली तर आरामात बनते!! मग जॉबलाच काय धाड भरलीये?

शिवाय बॅकअपनंतर एक स्क्रिप्ट एसक्यूएल लॉगिनने डेटाबेसला जोडून नोंद टाकते, ती पण नोड २ वर १८४५६ (लॉगिन फेल) देते. पासवर्ड बरोबर आहे. एरर लॉगमधे स्टेट ३८. स्टोरेजवाले म्हणतात परवानग्या ठीक, विंडोजवाले म्हणतात डेटाबेसचं बघा. सध्या लोकल डिस्कवर हाताने बॅकअप घेतोय, जागा संपत आलीये.

प्रतिसाद १
दोन वेगळी दुखणी आहेत. जॉब एजंट सुरू करतो खरा, पण फाइल लिहितं ते डेटाबेस इंजिन, स्वतःच्या सर्व्हिस अकाउंटने. त्यामुळे तुमच्या त्या टेस्टला काही अर्थ नाही. कॉन्फिगरेशन मॅनेजरमधे नोड २ चं इंजिन कशावर चालतंय बघा. 'एनटी सर्व्हिस' वालं असेल तर नेटवर्कवर ते मशीनच्या अकाउंटने जातं, म्हणजे नोड२$.

धागाकर्ता
अगदी तेच! नोड १ वर डोमेन अकाउंट आणि नोड २ वर डिफॉल्टच ठेवलंय कोणीतरी. पण शेअरच्या परवानगीत नोड२$ टाकायला गेलो तर नाव सापडतच नाही?

प्रतिसाद १
तिथे 'ऑब्जेक्ट टाइप्स' मधे कॉम्प्युटर्सवर टिक नसते, ती करा. शेअर आणि एनटीएफएस (फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्या) दोन्हीकडे परवानगी द्या, एकीकडे देऊन भागत नाही. पुढेमागे नोड १ वालंच डोमेन अकाउंट इकडे लावा, पण नोड सेकंडरी असताना, कारण सर्व्हिस रीस्टार्ट होणार. आणि एसपीएन (सर्व्हिसची डोमेनमधली नोंद) मशीनच्या नावावरून नव्या अकाउंटवर न्यायला विसरू नका, नाहीतर एसएसपीआय कॉन्टेक्स्टची (विंडोज लॉगिन न होण्याची) रड सुरू होते.

प्रतिसाद २
स्टेट ३८ म्हणजे सांगितलेला डेटाबेस उघडता आला नाही. पासवर्ड चुकला असता तर ८ आला असता. लॉगिन मास्टर या सिस्टीम डेटाबेसमधे असतात आणि मास्टर ग्रुपमधे जात नाही, म्हणून कोणीतरी नोड २ वर त्याच नावाचं लॉगिन हाताने बनवलं असणार, त्याचा सिड (अंतर्गत ओळख क्रमांक) वेगळा, म्हणून डेटाबेसमधल्या यूजरशी ते जुळत नाही. आता घाईत अल्टर यूजर करून जुळवू नका हां, इकडे चालेल आणि परत फेलओव्हर झाला की नोड १ वर तुटेल. नोड २ वरचं लॉगिन काढा आणि नोड १ चाच सिड देऊन परत बनवा.

धागाकर्ता
दोन्ही चाललं, काल रात्रीचा बॅकअप शेअरवर आहे! आता साहेब म्हणतायत लोड नको, बॅकअप सेकंडरीवरूनच घ्या. चालेल का?

प्रतिसाद २
लॉग बॅकअप (व्यवहारांच्या नोंदींचा) बिनधास्त घ्या, कुठल्याही नोडवरून घेतला तरी साखळी एकच, फक्त सगळे एकाच शेअरवर ठेवा म्हणजे रिस्टोअरला शोधत बसायला नको. २०१९ मधे सेकंडरीवर फुल बॅकअप कॉपी ओन्लीच (डिफरन्शियलला आधार न होणारा) होतो आणि डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतरचे बदल घेणारा) होतच नाही, त्यामुळे डिफरन्शियल घेत असाल तर फुल आणि तो, दोन्ही प्रायमरीवरच राहू द्या.