पीईआय (डीएनए सेलमध्ये नेणारं पॉलिमर) पार्टिकल सेलच्या आत दिसतायत पण जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) येत नाहीये, कुठे चुकतंय?

पिपेट_हातात:
ब्रांच्ड पीईआय, २५ किलोडाल्टनवालं, सोबत जीएफपी प्लाझ्मिड (जीएफपीचा जीन असलेला गोल डीएनए), एन/पी (पॉलिमरचे नायट्रोजन भागिले डीएनएचे फॉस्फेट) १०. हेक २९३ (लॅबमधली नेहमीची सेल लाइन) मध्ये मस्त चालतं, अर्धी डिश हिरवीगार. तेच प्रायमरी फायब्रोब्लास्टवर (थेट टिश्यूतून काढलेले सेल) टाकलं की ४८ तासांनी शंभरात दोन-तीन सेल हिरवे. डीएनएला लाल डाय लावून बघितलं तर जवळपास प्रत्येक सेलमध्ये लाल ठिपके, म्हणजे आत तर गेलंय ना? गाईड म्हणाले पॉलिमर वाढव, म्हणून एन/पी २० केलं तर सकाळी निम्मे सेल गोल होऊन तरंगत होते.

खारट_बफर:
ठिपकेच आहेत ना, पसरलेला लाल नाही? मग माल एंडोसोममध्ये, म्हणजे सेलने गिळलेलं ज्या पिशवीत जातं तिथे, पडून आहे. सेलने गिळलं म्हणजे पोचलं असं नसतं. आणि आधी ते खरंच आत आहेत का बघा, पार्टिकलचा चार्ज पॉझिटिव्ह, मेम्ब्रेनचा निगेटिव्ह, नुसते बाहेर चिकटलेले पण असू शकतात आणि साध्या पीबीएसने ते निघत नाहीत, हेपरिनने (याचा निगेटिव्ह चार्ज पार्टिकल ओढून घेतो) धुवा मग कॉन्फोकलला (सेलचे आतले थर दाखवणारा मायक्रोस्कोप) न्या. एन/पी वाढवू नका हो, जादा पीईआय मोकळंच फिरतं आणि मेम्ब्रेनची वाट लावतं.

रात्रीचा_इन्क्युबेटर:
एंडोसोमचं ठीक, पण मला न्यूक्लियसचा संशय आहे. हेक भराभर डिव्हाइड होतात, त्या वेळी न्यूक्लियसचं आवरण विरघळतं आणि प्लाझ्मिडला आत घुसायला चान्स मिळतो, जे सेल डिव्हाइडच होत नाहीत तिथे तो दारातच बसून राहतो. जीएफपीचा एमआरएनए (जीनची कॉपी, जिच्यावरून थेट प्रोटीन बनतं) टाकून बघ, त्याला न्यूक्लियसमध्ये जावंच लागत नाही. हिरवं आलं तर एंडोसोममधून सुटका होतेय, अडचण पुढे आहे.

खारट_बफर:
आयडिया चांगली, पण नाही आलं तर लगेच एंडोसोमला दोष देऊ नका, हे पीईआय एमआरएनएला इतकं घट्ट धरून बसतं की सोडतच नाही. बाजूच्या वेलमध्ये क्लोरोक्विन (एंडोसोममधून सुटायला मदत करणारं औषध) टाका, त्याने हिरवं वाढलं तर एंडोसोमच. बाय द वे, डिश किती भरलेली असते?

पिपेट_हातात:
९५ टक्के 🤦 हेकचाच प्रोटोकॉल उचलला होता.

रात्रीचा_इन्क्युबेटर:
अरे मग झालंच! फायब्रोब्लास्ट एकमेकांना टेकले की डिव्हाइड व्हायचे थांबतात. ५०-६० टक्क्यांवर टाक, एन/पी १० च ठेव, बाकीचं नंतर बघू.