मदत हवी आहे: अक्कलकोटकडच्या लिंगायत लग्नाला जायचंय
मी मूळची चिपळूणची, नोकरीसाठी सोलापुरात. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात आहे, लिंगायत घर, एकदम धार्मिक, आणि ही म्हणते आदल्या दिवशी मुक्कामालाच ये. मी आपली जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या), बाराबंदी (त्या धरणाऱ्यांचा पांढरा पोशाख) लांबून बघितलेली, बास. घरात सगळे कन्नड बोलणार, मला 'ऊटा आय्ता' (जेवण झालं का) एवढंच येतं 😅 स्वामी (म्हणजे त्यांचे जंगम गुरू) आले की सगळे पाया पडतात म्हणे, मीपण पडायचं ना? विभूती लावायला दिली तर घ्यायची का, की ती फक्त त्यांच्यातल्यांनीच? आहेर साडी की पाकीट? आणि कोणी विचारलंच तर मासे खाते हे सांगू का गप्प बसू? जेवणाचं टेन्शन नाही, कडक भाकरी शेंगाचटणीवर मी महिनाभर राहीन.