क्रिस्टी रिंगवर भिंतीपत्रक: मजकूर तपासून हवा, हर्ली कशाची करावी?

सागरतीर (वेंगुर्ले)
वाचनालयात या महिन्याचं भिंतीपत्रक आयर्लंडचा हर्लिंगपटू क्रिस्टी रिंग (1920–1979) याच्यावर आहे. हर्लिंग म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश खेळ, हर्ली म्हणजे त्याची काठी. मजकूर: 'कॉर्क काउंटीचा खेळाडू, सर्वाधिक 8 ऑल-आयर्लंड पदकं, 33.208 गोल.' बरोबर आहे ना? शेजारी लाकडी हर्ली टांगायची आहे. फणसाची चालेल?

दांडूवाला
33.208 आधी खोडा. तो दशांश नव्हे. 33-208 म्हणजे 33 गोल आणि 208 पॉइंट. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे 3 गुण. दांड्यावरून, पण दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, त्याचा 1 गुण. म्हणजे 99 + 208 = 307. तेही फक्त कॉर्ककडून सीनियर चॅम्पियनशिपमधले. ग्लेन रोव्हर्स हा त्याचा क्लब, तिथला हिशेब वेगळा. मन्स्टर प्रांताकडून 18 रेल्वे कप (प्रांतांमधली स्पर्धा) मिळाले, तेही वेगळे.

'सर्वाधिक 8' हे 1954 पुरतं खरं. 1965 मध्ये टिपररीच्या जॉन डॉयलने बरोबरी केली आणि किलकेनीचा हेन्री शेफलिन तर 10 वर गेला. त्यापेक्षा वर्षंच द्या: 1941 ते 44 सलग, 1946, मग 1952 ते 54.

माडाखाली
ह्यां बराबर. पोरांका आधी गुणांचा गणितच समजाक व्हया.
एक भर घाला: हा खेळ हौशी, खेळण्याचा पगार नाही. रिंग तेलाच्या कंपनीत ट्रक चालवायचा. आणि पदकांच्या यादीपेक्षा 1956 ची ऑल-आयर्लंड फायनल मोठ्या अक्षरांत लिहा. नववं पदक हाताशी असताना वेक्सफर्डचा गोली आर्ट फोली याने त्याचा फटका अडवला. वेक्सफर्ड 2-14, कॉर्क 2-8 (14 विरुद्ध 8 नव्हे, 20 विरुद्ध 14 गुण!). सामना संपल्यावर वेक्सफर्डच्याच खेळाडूंनी रिंगला खांद्यावर घेतलं.

रंधा
खरी हर्ली अ‍ॅश झाडाच्या बुंध्याची, जिथे खोड मुळाकडे फाकतं तिथली. तिथे लाकडाची रेषा आपोआप वळते, तीच रुंद टोकाला, म्हणजे 'बॉस'ला हवी. सरळ फळीतून कापली तर वळणावर रेषा तुटते आणि पहिल्या जोरदार फटक्याला तिथेच मोडते. होडीच्या फासळीला सुतार उपजत वाकाचं लाकूड शोधतो, तसंच हे.

नुसती टांगायची तर फणस चालेल, पण तो पिवळा आणि पुढे काळपट होतो. शिवण फिकट, अ‍ॅशच्या जवळची. लांबी 36 इंच, बॉस जास्तीत जास्त 13 सेंमी.

सागरतीर
बॉसवर पत्र्याची पट्टी मारतात ना?

रंधा
हो, फाटू नये म्हणून. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा गंजून लाकडावर डाग पाडेल. पितळी पट्टी आणि पितळी चुकाच घ्या. दोन्ही टोकांच्या आडव्या कापावर वार्निशचे दोन हात जास्त द्या, पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते. भिंतीपासून अर्धा इंच सुटी टांगा, नाहीतर मागच्या बाजूला बुरशी धरेल.