‘बुद्धिगळती’ की ‘बुद्धिपलायन’?

पंचगंगाकाठ : एका चर्चासत्रासाठी भाषांतर करताना ‘ब्रेन ड्रेन’ला, म्हणजे शिकलेली माणसे परदेशी निघून जाण्याला, मी ‘बुद्धिगळती’ लिहिले. तपासणाऱ्या सरांनी लाल शाईने ते खोडून ‘बुद्धिपलायन’ केले. माझा भाचा कोल्हापुरातच अभियांत्रिकी शिकून आठ वर्षे जर्मनीत आहे. त्याच्या आईसमोर ‘पलायन’ हा शब्द माझ्याने उच्चारवणार नाही. जाणकारांनी सांगावे.

शब्दसाधक : सरांचे बरोबर आहे. संस्कृत ‘बुद्धि’ला मराठी ‘गळती’ जोडणे हा संकर झाला. शिवाय ‘पलायन’ म्हणजे मुळात परा आणि अयन, म्हणजे दूर जाणे.

करवीर : मुळात असेल, पण मराठीत पलायन आरोपी करतात. संकराचे म्हणाल, तर ‘पोलीसपाटील’ गावोगावी रुळला आहेच.

भुदरगड : ‘ब्रेन ड्रेन’ ही संज्ञा १९६०च्या दशकात रूढ झाली, ती ब्रिटनमधून अमेरिकेला जाणाऱ्या शास्त्रज्ञांमुळे. त्याआधी दादाभाई नौरोजींनी ‘ड्रेन’ म्हटले, ते मोबदल्याविना देशाबाहेर जाणाऱ्या संपत्तीला. आज परदेशस्थ भारतीय वर्षाला १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवतात, त्यामुळे ‘ड्रेन’साठी ‘निःसारण’ हा शब्दही मला पटत नाही. आपल्याकडचाच दाखला घ्या : कोल्हापुरी बंधाऱ्याच्या बरग्यांतून (पाणी अडवणाऱ्या फळ्यांतून) पाणी झिरपले की आपण त्याला गळती म्हणतो आणि फटी बुजवतो, पाझर तलावातून तेच पाणी झिरपून खालच्या विहिरींना आले की तलाव कामी आला म्हणतो. मी ‘बुद्धिपाझर’ सुचवतो.

आजरेकर : शब्द गोड आहे, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. माझ्या आईला रात्री धाप लागली तेव्हा आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी होती, खुर्चीवर फक्त टॉवेल होता. सरकारी खर्चाने शिकलेला डॉक्टर परदेशी गेला, तर त्याने घरी पाठवलेल्या पैशातून त्याच्या घराला मजला चढतो, पण आमच्या केंद्राला डॉक्टर मिळत नाही. पाझराचे पाणी ज्याच्या विहिरीला येते, त्यानेच त्याला पाझर म्हणावे.

करवीर : आणि जयंत नारळीकर? जन्म कोल्हापूरचा, १९५७ साली केंब्रिजला गेले, १९७२ साली परतले आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. तिथे शिकून आले नसते, तर ही संस्था झाली असती का?

आजरेकर : त्यांच्याविषयी आदरच आहे. पण ते परतले, म्हणून तुम्हाला त्यांचे नाव घेता आले.

शब्दसाधक : ‘बुद्धिपाझर’ हाही संकरच आहे, हे नोंदवतो.

पंचगंगाकाठ : सरांकडे प्रत शनिवारी द्यायची आहे. ‘गळती’ पुन्हा लिहिली आहे, मात्र आजरेकरांचे वाचल्यापासून भाच्यासाठी आणि त्या डॉक्टरसाठी एकच शब्द चालेल का, याचीच शंका आली आहे.