कोळसा ‘धुणे’ की ‘रोळणे’?

पोलादनिर्मितीवरील लेखात ‘धुतलेला कोळसा’ हा शब्दप्रयोग चालेल का, असा प्रश्न आहे. चालेल, पण त्यातून वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतीच क्रिया उभी राहते. भांडे धुताना आपण वरचा मळ काढतो. झारखंडमधील झरियाच्या कोकिंग कोळशात (म्हणजे पोलादासाठी लागणारा कोक ज्यापासून करतात त्या कोळशात) मात्र खनिजांचे बारीक कण कोळशाच्या अंगातच मुरलेले असतात, ते नुसत्या पाण्याने निघत नाहीत. म्हणून कोळसा आधी फोडतात आणि मग पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची बारीक पूड कालवून, कोळशाहून जड पण दगडाहून हलका असा द्रव तयार करून त्यात तो सोडतात; चांगला कोळसा तरंगतो, दगड तळाला जातो. (साध्या पाण्यात दोन्ही बुडले असते.) तांदळातले खडे पाण्यात खाली बसवून काढण्याला आपल्याकडे ‘रोळणे’ म्हणतात, आणि वॉशरीतली (कोळसा ‘धुण्याच्या’ कारखान्यातली) मुख्य क्रिया जातीने तीच आहे. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चुऱ्याला हा शब्द लागू पडत नाही, हे मान्य, कारण तो तेल घालून, फेसाच्या बुडबुड्यांना चिकटवून वर काढतात.

‘कोळशातील राख’ हाही असाच फसवा प्रयोग आहे, कारण न जळलेल्या कोळशात राख नसते. तो जाळल्यावर किती राख उरेल, याचे ते माप आहे. सरकारी प्रतवारीत 18 टक्क्यांपर्यंत राखेचा कोकिंग कोळसा ‘पोलाद’ श्रेणीत आणि त्यापुढे 49 टक्क्यांपर्यंतचा ‘वॉशरी’ श्रेणीत मोडतो. हवा लागू न देता तापवून कोळशाचा कोक करतात (लाकडापासून लोणारी कोळसा होतो तसाच), तेव्हा राख देणारी ही खनिजे कोकमध्येच राहतात. लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीत त्यांची धातुमळी (वितळून वेगळा होणारा मळ) करण्यासाठी चुनखडी आणि कोक दोन्ही जास्त खर्ची पडतात.

‘वॉशरी’ हा शब्द मात्र बदलू नये. वणी-घुग्घुस भागात तो रुळलेला आहे, जरी तिथला कोळसा कोकिंग नसून वीजकेंद्रांसाठीचा असला तरी. खरी अडचण ‘मिडलिंग’ची आहे: रोळताना तांदूळ आणि खडे असे दोनच भाग पडतात, पण इथे अर्धा कोळसा, अर्धा दगड असा तिसरा भागही निघतो आणि तो वीजकेंद्रांकडे जातो. त्याला मी सध्या ‘मधला कोळसा’ असे लिहितो.