अनुभव धागा: घरी वापरायला मीट स्लायसर कोणता घ्यावा?

पोट्ट्यांना रविवारी रोस्ट चिकनचं सँडविच पाहिजे असतं आणि कोल्ड कट्सची, म्हणजे शिजवून कापलेल्या तयार मांसाची पाकिटं खिशाला परवडत नाहीत. सुरीनं पातळ, एकसारखे काप माझ्याच्यानं निघत नाहीत, म्हणून स्लायसर घ्यावा म्हणते. नागपुरात ज्यांच्या घरी आहे त्यांनी वर आपल्या भागाचं नाव टाकून सांगा: पातं केवढं, मोटर तापते का, धुवायला किती वैताग? जाहिरातीतलं नको, वापरलेलं सांगा.

महाल
ताई, सावजीसाठी घेऊन राहिल्या असाल तर राहू द्या. त्याला हाडासकट तुकडे लागतात, ते मटणवाल्याच्या ठोकळ्यावरच व्हावेत. हाड लागलं की पात्याची धार गेलीच समजा. खिम्याचं यंत्रही वेगळं. बोनलेस असेल तरच हे घ्या, नाहीतर काहून पैसे घालवता?

धरमपेठ
आमच्याकडे साडेसात इंची, म्हणजे १९० मिमी पात्याचा आहे. चिकन ब्रेस्ट आणि ब्रेडला भरपूर झाला. पण काप साडेसात इंच उंच निघेल असं समजू नका, पात्याचा मधला भाग वाया जातो. गुंडाळून भाजलेली मटणाची रान कापायची असेल तर दहा इंची बघा. ते धूड मात्र एकट्यानं ओट्यावरून हलवणं कठीण.

खरी गंमत यंत्रात नाही, फ्रीजरमध्ये आहे. कच्चं मांस तसंच लावलं तर पात्याखाली लोळतं, फाटतं. तास-दीड तास फ्रीजरमध्ये ठेवायचं. बाहेरून कडक, बोटानं दाबलं तर आत जरासं दबतं, तेव्हा काढायचं. मग २ मिमीचे कापही सलग पडतात. पार दगड झालेलं लावू नका, पातं घसरतं आणि मोटर कण्हते. धाग्यांना आडवं कापा. मे महिन्यात ४५ अंशांत ते बघता बघता मऊ पडतं, म्हणून मी थोडं थोडं बाहेर काढतो. मोटरचं विचाराल तर घरगुती यंत्र पाच-दहा मिनिटं चालवून थांबवायचं असतं. किती मिनिटं, ते पुस्तिकेत बघून घ्या.

मानकापूर
धुण्याबद्दल कोणी बोलतच नाही! पात्याच्या मागे चरबी जाऊन बसते, वास तिथूनच येतो. पातं एका स्क्रूवर किंवा हातानं निघत नसेल तर ते यंत्र घेऊच नका. आधी प्लग काढा, जाडीचं बटण शून्यावर आणा, म्हणजे धार पट्टीआड जाते. हातात कापरोधक हातमोजा घाला. फडकं मधून बाहेर न्यायचं, धारेवरून गोल फिरवायचं नाही. ॲल्युमिनियमचे भाग डिशवॉशरमध्ये काळे पडतात.

सदर
नाताळाला आमच्याकडे हॅम असतो. दातेरी पातं ब्रेडला आणि कडक सालीला बरं, पण हॅमचा पातळ, गुळगुळीत काप हवा तर सपाट धारेचंच. दोन्ही पाती मिळत असतील तर घेऊन ठेवा. बाकी, पहिला स्लायसर विल्हेल्म व्हान बर्केल नावाच्या रॉटरडॅमच्या खाटकानं १८९८ मध्ये काढला, हातानं चाक फिरवायचा. ना मोटर तापायची भानगड, ना लाइट जायची!

इतवारी
मी ऑनलाइन घेतला. आतलं प्लॅस्टिकचं गिअर झिजलं आणि सुटा भाग कुठंच मिळेना. घेण्याआधी फोन करून विचारा, पातं आणि गिअर वेगळे मिळतात का. आणखी एक: खालचे रबरी पाय खडबडीत कडप्प्यावर चिकटत नाहीत, यंत्र सरकतं. गुळगुळीत ग्रॅनाइट पाहिजे. ट्रे पुढं-मागं जायला जागाही मोजा. आणि पुशर, म्हणजे मांस पात्याकडे ढकलायची मूठ, नसलेला फुकट मिळाला तरी नको बाप्पा, बोटं आपलीच आहेत.

धागाकर्ती
ब्रेस्टच कापायचंय, तेव्हा साडेसात इंची पक्का. यावर बटाट्याचे काप चालतील का? सासूबाई माळकरी आहेत.

मानकापूर
चालतात हो, छान पडतात. पण सासूबाईंच्या उपासाचे असतील तर आपली किसणीच काढा.