मदत हवी आहे: खळ्यात उभ्या असणाऱ्या १९७० च्या फियाटला, मूळ वायरिंगला हात न लावता, ट्रॅकर कसा बसवावा?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी, घरामागच्या खळ्यात, पत्र्याच्या शेडखाली वडिलांची, म्हणजे आबांची, १९७० ची फियाट ११०० उभी असते. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघाली तेव्हाचे बहुतेक सर्व वायरिंग तिच्यात आजही आहे. महिन्यातून एक-दोनदा आबा ती गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरवून आणतात, दसऱ्याला तिची पूजा होते आणि घरातील प्रत्येक लग्नात वधू तिच्यातूनच येते. मी नोकरीनिमित्त जळगावला असतो, म्हणजे काही झाल्याचे कळले तरी खळ्यात पोहोचायला मला दीड तास लागतो.

गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आई माहेरी गेली होती आणि आबा तिला आणायला गेले होते. त्या रात्री शेडची कडी कापण्यात आली. दुसऱ्या दिवशी आम्ही पाहिले तेव्हा बोनेट अर्धवट उघडे होते, बॅटरीची एक तार सोडवून बाजूला टाकलेली होती आणि गाडी ढकलत शेडबाहेर दहा-बारा फुटांवर आणून ठेवलेली होती. फाटकाजवळच्या मातीत पिकअपच्या टायरचे ठसे उमटले होते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यांच्या विजेरीचा उजेड दिसल्यामुळे चोर पळाले असावेत, असा आमचा अंदाज आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे.

गाडी जागेवर सुरू झाली नाही याचे श्रेय आबांच्या जुन्या सवयीला आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या दोन्ही क्लिपा बोटाने मागे ढकलायच्या, झाकण उचलायचे, आतला तपकिरी रोटर वर ओढून काढायचा आणि झाकण पुन्हा होते तसे बसवायचे, हे काम ते अंधारातही करतात. पितळी पट्टीचा, बोटाच्या पेराएवढा तो रोटर आमच्या देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलेला असतो. रोटर नसेल तर स्पार्क प्लगपर्यंत वीज पोहोचत नाही आणि कितीही सेल्फ मारला तरी इंजिन सुरू होत नाही. परंतु गाडी उचलून पिकअपमध्ये टाकणाऱ्याला इंजिनाची गरजच नसते, आणि आमच्या भागातून निघालेले वाहन एकदा धुळ्याला महामार्गास लागले की एका बाजूने नवापूरमार्गे गुजरातेत आणि दुसऱ्या बाजूने शिरपूर-पळासनेरमार्गे मध्य प्रदेशात काही तासांत पोहोचते. म्हणून गाडी नेमकी कुठे आहे हे सांगणारे उपकरण बसवायचे, असे मी ठरवले आहे.

त्यासाठी शहरातील एका दुकानात चौकशी केली. तेथील मेकॅनिकने इग्निशनची तार कापून त्यात ट्रॅकर आणि इंजिन बंद करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडावा लागेल, असे सांगितले. फ्यूज कुठे बसवणार असे विचारल्यावर त्याची गरज नसल्याचे तो म्हणाला. कापडी वेष्टणाच्या, पन्नास वर्षांहून जुन्या तारांवर विनाफ्यूज जोड द्यायला माझे मन तयार नाही. आबांनी तर एका वाक्यात निकाल दिला: “गाडीनी एक बी वायर कापानी नही.” त्यांचे म्हणणे मला पटते. ही गाडी जशी आहे तशी राखणे हाच तिचे रक्षण करण्याचा हेतू आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत. या गाडीला नव्या गाड्यांप्रमाणे डॅशबोर्डखाली ओबीडीचे (इंजिनाची तपासणी करण्याचे) सॉकेट नाही, त्यामुळे नुसते खोचून चालणारे ट्रॅकर बाद होतात. बॅटरीला थेट जोडलेल्या ट्रॅकरची दुकानदाराने दिलेली खपत ३० मिलिअँपिअर आहे. म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. माझी बॅटरी ४० अँपिअर-तासांची आहे, तेव्हा गाडी उभी राहिली तर २८ दिवसांत ती निम्म्यावर येईल आणि पुढे सेल्फ घेईल की नाही याची शाश्वती नाही. शिवाय गाडीला अल्टरनेटर नसून डायनमो आहे, आणि इंजिन मंद चालत असताना डायनमो जवळपास काहीच चार्जिंग देत नाही, त्यामुळे गावाबाहेरच्या एका फेरीत ही तूट भरून निघत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चोरांनी बॅटरीची तार आधीच सोडवली होती; त्या रात्री तारेवरचा ट्रॅकर असता तर तो काही वेळातच मुका झाला असता.

पत्र्याच्या शेडमध्ये उपग्रहांचा संकेत कितपत मिळतो, आमच्याकडच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बंद गाडीतील लिथियम बॅटरी टिकते का, आणि मोबाइलशी जोडले जाणारे छोटे ब्लूटूथ टॅग खेड्यात उपयोगी पडतात का, हेही मला जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी जुन्या गाडीवर हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गिरणाकाठ:

आपला प्रसंग वाचून वाईट वाटले. माझ्याकडे चाळीसगावला जुनी अँबॅसडर आहे आणि नेमक्या याच प्रश्नातून मी गेलो आहे, म्हणून जे केले ते सांगतो.

ट्रॅकरला गाडीच्या बॅटरीवर अवलंबून ठेवूच नका. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी घ्या आणि मागच्या सीटखाली पट्ट्याने घट्ट बांधा. ट्रॅकर फक्त तिला जोडा. गाडीच्या एकाही तारेशी त्याचा संबंध येणार नाही, आबांची अटही पाळली जाईल, आणि बोनेट उघडून कोणी मुख्य बॅटरी काढून नेली तरी ट्रॅकर बोलत राहील. ३० मिलिअँपिअरने ही बॅटरी साधारण साडेनऊ दिवस जाईल. परंतु गाडी हलेपर्यंत झोपून राहणारा आणि हालचाल जाणवताच जागा होणारा ट्रॅकर घेतला, तर झोपेतील खपत काही मिलिअँपिअरवर येते. ५ मिलिअँपिअर धरले तर सुमारे ५८ दिवस. दर पंधरवड्याला चार्जर लावला की झाले. बॅटरीच्या अगदी जवळ, धन तारेवर १ अँपिअरचा फ्यूज मात्र लावाच. फ्यूज नको म्हणणाऱ्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नका.

लिथियमपेक्षा मी सीलबंद लेड बॅटरी सांगतो त्याला कारण आपला उन्हाळा आहे. सामान्य लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे म्हणतात, आणि बंद गाडीतील हवा बाहेरच्याहून बरीच तापते. लेड बॅटरीलाही उष्णता मानवत नाही, तिचे आयुष्य घटते, पण ती स्वस्त आहे आणि दोन-तीन वर्षांनी बदलता येते. बहुतेक ट्रॅकरच्या पोटात एक छोटी लिथियम बॅटरी असतेच; ते उपकरण उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर न ठेवता सीटच्या किंवा गादीच्या आड ठेवा.

इंजिन बंद करणाऱ्या रिलेच्या वाटेला जाऊ नका. चालत्या गाडीत त्याने चुकून काम केले तर महामार्गावर ट्रकच्या पुढे इंजिन बंद पडेल. आबांचा रोटर हे काम अधिक चांगले करतो.

आपली फियाट ऋण अर्थची (बॅटरीचे ऋण टोक चॅसिसला जोडलेली) असते, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो की त्या काळच्या अनेक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चॅसिसला जोडलेले असे. अशा गाडीच्या तारांना तपासून न पाहता ट्रॅकर जोडला तर तो जळू शकतो.

सातपुड्याचा पायथा:

बॅटरीविषयी वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी संकेताविषयी लिहितो, कारण बहुतेक लोकांची निराशा तिथेच होते.

ट्रॅकर दोन कामे करतो. उपग्रहांकडून स्वतःची जागा ओळखतो आणि ती जागा सिमकार्डावरून आपल्याला कळवतो. पत्र्याच्या शेडमध्ये पहिले काम बिघडते. लोखंडातून उपग्रहाचा संकेत आत येत नाही, जो येतो तो भिंतींवर आपटून येतो, आणि मग उभी गाडी नकाशावर शंभर-दीडशे मीटर भटकताना दिसते. नकाशावर खळ्याभोवती ५० मीटरचे कुंपण (गाडीने ओलांडले की इशारा देणारी सीमा) आखले तर रोज रात्री खोटा इशारा येईल आणि महिन्याभरात आपण तो पाहणे सोडून द्याल. चोराला हेच हवे असते. म्हणून शेडपुरते स्थानाच्या कुंपणावर विसंबू नका, कंपनाचा आणि हालचालीचा इशारा मुख्य ठेवा आणि कुंपण ३०० मीटरचे करा. गाडी शेडबाहेर निघाली की आकाश दिसते आणि जागा अचूक मिळू लागते. ट्रॅकर मागच्या काचेखालच्या फळीच्या खाली बसवला तर वर फक्त पुठ्ठा आणि काच येते, संकेत अडत नाही; डिकीच्या पत्र्याखाली मात्र तो गुदमरतो.

दुसरे काम सिमचे आहे. स्वस्त ट्रॅकर अजूनही २ जी असतात. जिओचे २ जी जाळे नाही, त्यामुळे ते सिम अशा ट्रॅकरमध्ये चालतच नाही. ४ जी आणि गरज पडल्यास २ जी असे दोन्ही चालणारे उपकरण घ्या. कोणत्या कंपनीचे सिम घ्यावे हे दुकानदाराला विचारू नका; आपल्याच शेडमध्ये तीन कंपन्यांची सिमे एका साध्या फोनमध्ये घालून रात्रीच्या वेळी पाहा. आणखी एक गोष्ट तपासा: नेटवर्क नसताना नोंदी साठवून ठेवून नंतर पाठवण्याची सोय उपकरणात आहे का. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या घाटात मोबाइलची रेंज मध्येच जाते, आणि साठवलेल्या नोंदीच गाडी कोणत्या फाट्याने वळली हे सांगतात.

ब्लूटूथ टॅगला स्वतःची जागा कळत नाही. जवळून जाणारे इतरांचे फोन त्याची जागा कळवतात. ॲपलचा टॅग त्यासाठी आयफोन शोधतो. जळगावच्या बाजारात त्याला असे फोन सापडतील, आपल्या शिवारात फारसे नाहीत. शिवाय आपल्यासोबत अनोळखी टॅग फिरत असल्याची सूचना तो टॅग चोराच्याच फोनवर देऊ शकतो. तरीही वर्षभर एका नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतो, म्हणून सीटच्या शिवणीत दुसरी फळी म्हणून तो जरूर ठेवावा.

विम्याचेही पाहून घ्या. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक परस्परसंमतीने ठरवतात, तेव्हा छायाचित्रे आणि दुरुस्तीची बिले देऊन ती नीट ठरवून घ्या. चॅसिस व इंजिन क्रमांकांचे जवळून फोटो काढून ठेवा. आणि नकाशावर गाडी दिसली तरी स्वतः मागे जाऊ नका. ११२ वर फोन करून पोलिसांना ठिकाण सांगत राहा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. आपल्या सल्ल्याप्रमाणे गेल्या रविवारी गावी जाऊन काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

शेडमध्ये तीन सिमांपैकी एकालाच रात्री टिकाऊ रेंज मिळाली, तेच घेतले. ७ अँपिअर-तासांची बॅटरी मागच्या सीटखाली बांधली, १ अँपिअरचा फ्यूज लावला आणि ट्रॅकर मागच्या काचेखालच्या फळीला आतून चिकटवला. गाडीची एकही तार कापली नाही. आबा सर्व वेळ शेजारी खाट टाकून बसले होते आणि शेवटी त्यांनी स्वतः सीट जागेवर बसवून दाबून पाहिली. मग आम्ही चौघांनी गाडी शेडमधून ढकलली. गाडी हलल्यापासून माझ्या फोनवर इशारा यायला सुमारे पन्नास सेकंद लागले. फाटकाबाहेर आल्यावर नकाशावरची जागा बरोबर होती, शेडमध्ये मात्र ती शेजारच्या विहिरीवर दाखवत होती. इशारा आबांच्या आणि शेजाऱ्यांच्या फोनवरही जाईल अशी सोय केली आहे, कारण पहिल्या दहा मिनिटांत खळ्यात तेच पोहोचू शकतात.

५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनुसार असलेली व्हिंटेज नोंदणीही करावी, असे मनात आहे. त्या नियमांचा कटाक्ष चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नसण्यावर आहे, त्यामुळे सीटखालच्या या व्यवस्थेची अडचण येऊ नये. मात्र व्हिंटेज गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि आबांची महिन्याची फेरी बंद करायला आम्ही तयार नाही, म्हणून तो निर्णय तूर्त पुढे ढकलला आहे.

एक प्रश्न उरतो. दर पंधरा दिवसांनी चार्जर लावण्याचे काम आबांच्या आठवणीवर सोपवण्याऐवजी शेडच्या पत्र्यावर १० वॅटचे छोटे सौर पॅनेल आणि चार्ज नियंत्रक बसवून त्याची तार खाली आणावी, असा विचार आहे. गाडी बाहेर काढताना ती तार सहज सुटावी आणि कोणी ती ओढून तोडली तर त्याचाही इशारा मिळावा, यासाठी कोणी काही जोडणी केली असेल तर कृपया कळवावे.